हलकी ओढ ओळखणारी काठी

'वेड पांघरून पेडगावला जाणे' हा वाक्प्रचार आपण सगळेच वापरतो. त्यातले पेडगाव भीमाकाठचे, असे सांगतात. आपण मात्र परभणीहून रेल्वेने मनमाडकडे निघाल्यावर लागणाऱ्या पेडगावला जाऊ. वेड पांघरणारा येथेही भेटेल, तो पाण्यात!

जानेवारीत या भागात पहाटेचा पारा 10 अंश सेल्सिअसच्या खाली उतरतो. अशा सकाळी शेततळ्यावर गळ टाकून बसा. काठी हलत नाही, दोरी हलत नाही; वर काढून पाहावे तर गळावरची कणकेची गोळी गायब. मासा येऊन गेला, पण आपल्याला कळले नाही. असे का होते?

पहिले कारण माशाच्या तोंडात आहे. रोहू, कटला यांच्या जबड्याला दात नसतात. ते घशात असतात. त्यामुळे हे मासे आमिषाचा लचका तोडत नाहीत. तोंड उघडून पाण्याबरोबर ते आत ओढून घेतात आणि संशय आला तर लगेच बाहेर टाकतात. दुसरे कारण थंडीचे. माशाच्या शरीराचे तापमान पाण्याबरोबर बदलते. तापमान 10 अंशांनी उतरले, की शरीरातील रासायनिक क्रियांचा वेग साधारण निम्मा किंवा त्याहूनही कमी होतो. मासा सुस्तावतो आणि ओढ आणखी हलकी होते.

ही ओढ उशिरा कळली तर केवळ मासा निसटतो असे नाही. कधी कधी तो गळ खोलवर गिळतो. मग लहान पिल्लू पाण्यात परत सोडायचे म्हटले तरी ते जगण्याची शक्यता कमी होते. ओढ वेळेवर कळली तर गळ ओठातच अडकतो आणि पिल्लू धडधाकट परत जाते. म्हणून काठीची निवड महत्त्वाची.

काठीचे बूड हातात आणि टोक मोकळे असते. अशा एकसारख्या जाडीच्या गोल काठीच्या टोकाला ठरावीक वजन लावले आणि काठीची लांबी दुप्पट केली, तर टोक 8 पट खाली झुकते. जाडी निम्मी केली तर 16 पट! म्हणजे काठी लांब आणि बारीक असावी? तसे केले तर ती वाऱ्यानेही डुलत राहील, आणि ती थरथर वाऱ्याची की माशाची हे कळणार नाही. शिवाय मोठा मासा लागला तर काठी मोडेल.

उत्तर बांबूच्या शेंड्यात आहे. बूड जाड, टोक निमुळते. हलक्या ओढीने फक्त टोक वाकते. ओढ वाढली, की टोक दोरीच्या दिशेला वळून जाते आणि पुढचे वाकणे जाड भागावर येते. एकाच काठीत सोनाराचा काटाही आणि पोती तोलणारा काटाही!

हाच प्रश्न फिनलंड, कॅनडासारख्या देशांत आणखी बिकट होतो. तेथे गोठलेल्या तळ्याच्या बर्फाला भोक पाडून मासे धरतात. पाणी 4 अंशांना सर्वांत जड असते, म्हणून तळाशी साधारण तेवढेच तापमान राहते. मासे अतिशय सुस्त असतात. माणूस भोकालगतच बसतो, त्यामुळे काठी अर्ध्या-पाऊण मीटरची, आखूड लागते. लांबीमुळे मिळणारी संवेदनशीलता अशी हातची जाते. ती भरून काढण्यासाठी टोक फार बारीक ठेवतात किंवा टोकाला पातळ पट्टीची अथवा तारेची स्प्रिंग बसवतात. तरंगा वापरला तर भोकातले पाणी पुन्हा गोठून तो अडकू शकतो.

आपल्याकडे ती अडचण नाही. येथे तरंगा काठीच्या मदतीला येतो. 3 सेंटिमीटर व्यासाचे उभे बूच आणखी 1 सेंटिमीटर बुडवायला सुमारे 7 ग्रॅम वजनाइतका जोर लागतो; 6 मिलिमीटर जाडीच्या काडीला 0.3 ग्रॅमही पुरतो. ज्वारीच्या ताटाच्या भेंडाची अशी काडी घ्यावी. भेंड पाणी शोषते, म्हणून तिला मेण लावावे. मग जेमतेम टोक पाण्यावर राहील इतका शिशाचा मणी खाली बांधावा.

वर्गात यासाठी मासा नको, तळेही नको. खराट्याचा एक हीर घ्या. त्याचे जाड टोक टेबलाच्या कडेवर घट्ट दाबा आणि 30 सेंटिमीटर भाग बाहेर ठेवा. बारीक टोकाला दोऱ्याने बाटलीचे झाकण टांगा. इंजेक्शनच्या सुईविना सिरिंजने त्यात अर्धा-अर्धा मिलिलिटर पाणी घाला. 1 मिलिलिटर म्हणजे 1 ग्रॅम. प्रत्येक वेळी टोक किती झुकले ते पट्टीने मोजा आणि आलेख काढा. आता हीर उलटा करा: बारीक टोक दाबा, तेवढाच भाग बाहेर ठेवा आणि जाड टोकाला झाकण टांगा.

दोन्ही वेळा हीर कोठून वाकला? कोणता आधी मोडेल असे वाटते? पाणी घालण्यापूर्वीच विद्यार्थ्यांना अंदाज लिहायला सांगा. अंदाज चुकला, तर तास सत्कारणी लागला असे समजा.