नाव कोणाचे, राबणे कोणाचे?

मातीतले काही जंतू इतर जंतूंना मारणारी द्रव्ये तयार करतात. स्ट्रेप्टोमायसीस कुळातील जंतू यात विशेष तरबेज. चाळीचाळींतून माणसे नेणाऱ्या क्षयापुढे पेनिसिलिन निरुपयोगी ठरले होते; त्यावरचे पहिले गुणकारी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, याच कुळाने दिले.

ते १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात सापडले. तळघरातल्या प्रयोगशाळेत तो जंतू हुडकणारा आल्बर्ट शॅट्झ २३ वर्षांचा विद्यार्थी होता. पुढे त्याला आपले गुरू सेलमन वॅक्समन यांच्यावर दावा लावावा लागला. १९५० साली तडजोड होऊन सहसंशोधक म्हणून त्याचे नाव आणि स्वामित्वधनाचा ३ टक्के वाटा मान्य झाला. तरी १९५२ चे नोबेल एकट्या वॅक्समन यांना मिळाले. गुरूंची दृष्टी थोर, हे आम्ही नाकारीत नाही. पण हात शिष्याचे होते.

आज हा शोध संगणकावरही चालतो. २००२ साली याच कुळातील एका जंतूची सारी जनुकलिपी प्रसिद्ध झाली. तीत अशी द्रव्ये बनविणाऱ्या जनुकांचे २० हून अधिक गट आढळले; प्रत्यक्षात हाती आलेली द्रव्ये मोजकीच होती. पाककृती लिहिलेल्या, पदार्थ मात्र न पाहिलेले! एकजण लिपी वाचतो, दुसरा जंतू वाढवतो, तिसरा द्रव्य वेगळे करतो. यांत पुष्कळसे शिष्यवृत्तीवरचे तरुण असतात.

हात वाढले, की नाव हरवणे सोपे होते. म्हणून कोणी काय केले याची नोंद कामाच्या दिवशीच व्हावी, कामगाराच्या हजेरीसारखी. श्रेयासाठी कोणास कोर्टाची पायरी चढावी लागू नये, एवढेच आमचे मागणे.