छप्पर नसलेलं घरचं मैदान

खोताच्या वाडीत 9 मीटर रुंदीचा मोकळा तुकडा शोधून सापडणं कठीण. 18 मीटर लांबीचं तर नावच नको. दादोबा वामन खोत यांच्या मालकीच्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन कुटुंबांनी घेतले, त्यावर लाकडी जिन्यांची नि व्हरांड्यांची कौलारू घरं उठली आणि मधे राहिले ते बोळ. क्रिकेट त्या बोळांत मावलं. कॅरमला ओटा पुरला. व्हॉलीबॉलला मात्र वाडी सोडून बाहेर पडावं लागलं. त्यामुळे गिरगावातल्या कॉलेजच्या व्हॉलीबॉलचा मागोवा घ्यायचा तर जगन्नाथ शंकरशेठ मार्ग ओलांडून, चर्नी रोड स्टेशनचा पूल चढून समुद्राकडेच जायला हवं.

वाडीला जवळचं जुनं कॉलेज विल्सन. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन 1829 साली मुंबईत आले आणि 1832 साली त्यांनी गिरगावातल्याच आंब्रोळी हाउसमध्ये इंग्रजी शाळा काढली. तिचंच पुढे कॉलेज झालं. मुंबई विद्यापीठ 1857चं, म्हणजे संस्था विद्यापीठापेक्षा पंचवीस वर्षांनी थोरली. चौपाटीसमोरची आजची गॉथिक वळणाची इमारत जॉन अ‍ॅडम्स यांनी आखली, ती 1889ची. दारातून बाहेर पडलं की रस्ता आणि पलीकडे वाळू. खेळाचं मैदान कॉलेजच्या आवारात नव्हतंच. कॉलेजचा जिमखाना दक्षिणेला, मरीन ड्राइव्हवर.

ती पट्टी मोठी गमतीची आहे. एका बाजूला रेल्वेचे रूळ, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या जागेवर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून सरकारने जिमखान्यांना भूखंड दिले. तेव्हा तिला केनेडी सी फेस म्हणत. मरीन ड्राइव्हचा रुंद रस्ता अजून व्हायचा होता, लाटा बऱ्याच जवळ यायच्या. पारशी, इस्लाम, हिंदू, कॅथलिक अशी धर्मवार रांग. हिंदू जिमखान्याचं पॅव्हेलियन 1894 साली गव्हर्नर लॉर्ड हॅरिस यांच्या हस्ते उघडलं. क्रिकेटच्या इतिहासात या रांगेबद्दल भरपूर लिहिलं गेलंय, कारण चौरंगी-पंचरंगी सामन्यांचे संघ इथूनच उभे राहिले. याच रांगेत कॉलेजचा जिमखाना असणं मला नेहमी सुखाचं वाटत आलंय. बाकीच्यांत शिरायला जात-धर्माची ओळख लागायची, इथे कॉलेजचं ओळखपत्र पुरे होतं.

हिंदू जिमखान्याचं पॅव्हेलियन उघडल्याच्या पुढच्याच वर्षी, 1895 साली, अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या होल्योक गावी वायएमसीएच्या विल्यम मॉर्गन यांनी एक नवा खेळ तयार केला. बास्केटबॉलची धावपळ न झेपणाऱ्या मध्यमवयीन व्यापाऱ्यांसाठी. साडेसहा फुटांवर जाळी बांधायची आणि चेंडू हातांनी टोलवत पलीकडे धाडायचा. बाहेर बर्फ पडत असताना आत, लाकडी जमिनीच्या हॉलमध्ये खेळता यावं हाच त्याचा हेतू. नाव ठेवलं होतं मिंटोनेट. व्हॉलीबॉल हे नाव पुढच्या वर्षी चिकटलं. म्हणजे खेळ जन्माने घरातला. आपल्याकडे तो वायएमसीएच्या वाटेनेच पसरला. हॅरी बक यांनी 1920 साली मद्रासला शारीरिक शिक्षणाचं विद्यालय काढलं आणि तिथे तयार झालेले शिक्षक देशभरच्या शाळा-कॉलेजांत गेले. त्यांनी हा खेळ नेला, हॉल मात्र नेता आला नाही. दोन खांब, एक जाळी, चुन्याच्या रेघा एवढ्यावर काम भागत होतं, आणि ते स्वस्त होतं. मुंबईतल्या कॉलेजांनी हॉल बांधले नाहीत याचं दुसरं कारण शोधायची गरज नाही.

छप्पर गेलं आणि खेळ बदलला. मरीन ड्राइव्हच्या पट्टीत पश्चिमेला समुद्र. संध्याकाळी सूर्य डोळ्यांत येऊ नये म्हणून कोर्ट दक्षिणोत्तर आखावं लागतं, आणि तसं आखलं की समुद्राचा वारा आडवा येतो. उंच सोडलेली सर्व्हिस रुळांच्या बाजूला सरकते. लिफ्टरने जाळीवर ठेवलेला चेंडू स्मॅश मारणाऱ्याच्या हाताखाली यायच्या आत वीतभर हललेला असतो. चेंडूचं वजन 260 ते 280 ग्रॅम. वाऱ्याला तेवढं पुष्कळ. म्हणून उघड्यावर तयार झालेला लिफ्टर चेंडू फार वर चढवत नाही, बुटका आणि वेगवान ठेवतो. जुन्या कातडी चेंडूचं आणखी वेगळं होतं, दमट हवेत तो जडावायचा आणि अंडरहँड घेणाऱ्याची मनगटं लाल व्हायची.

मातीवर डाइव्ह मारणं हे वेगळंच शास्त्र. हॉलमधला खेळाडू छातीवर घसरत जातो, मातीवरचा खांद्यावरून कोलांटी घेतो, नाहीतर कोपरं सोलवटतात. गावाकडे शूटिंगबॉल खेळून आलेल्या मुलांना इथे दुहेरी त्रास. त्यांचा फटका जबरदस्त, पण तिथे जाळीवर उचलून देणं नसतं. तीन टप्प्यांचा पासिंगचा खेळ हातात बसायला वेळ लागतो.

पावसाचं तर विचारूच नका. कॉलेजं सुरू होतात जूनमध्ये. नवी मुलं येतात, संघ निवडायचा असतो आणि मैदानावर घोटाभर चिखल. या दिवसांत सराव म्हणजे जिने चढणं-उतरणं, भिंतीवर चेंडू टोलवणं, व्यायामशाळेत वजनं उचलणं. जाळी नाही, ब्लॉक नाही. पाऊस ओसरल्यावर मैदान सुकतं, तोवर क्रिकेटचा मोसम तोंडावर येतो आणि जिमखान्याच्या मैदानावर पहिला हक्क क्रिकेटचा, हे न सांगता सर्वांना ठाऊक असतं. पाठोपाठ लग्नसराई. या पट्टीतल्या जिमखान्यांच्या हिरवळीवर मांडव पडतात, त्याच्या भाड्यावर बराच खर्च निघतो. मला त्यात गैर वाटत नाही, पण मांडव उतरल्यावर मातीत राहिलेल्या खिळ्यांवर डाइव्ह मारून दाखवावा कोणी.

दरम्यान खेळाचे नियम हॉलकडे धावत होते. 1964 साली टोकियोत व्हॉलीबॉल ऑलिम्पिकमध्ये आला. भारताने 1962 साली जकार्ताच्या एशियाडमध्ये रौप्य मिळवलं, 1986 साली सोलमध्ये जपानला हरवून कांस्य. तोवर वरच्या पातळीचे सामने पूर्णपणे छपराखाली गेले होते. नियमपुस्तकात कोर्टावर किमान 7 मीटर मोकळी उंची हवी, जागतिक स्पर्धांसाठी साडेबारा. चारही बाजूंनी किमान 3 मीटर मोकळी जागा धरली तर 24 बाय 15 मीटरचा हॉल लागतो. एवढी जागा गिरगावात कुणाकडे आहे? 1998 साली लिबेरो, म्हणजे फक्त बचावासाठीचा खेळाडू, आला. शतक बदलताना प्रत्येक रॅलीला गुण द्यायची पद्धत रूढ झाली आणि सर्व्हिस चुकली की थेट गुण जाऊ लागला. वाऱ्यात खेळणाऱ्यांना हा बदल सर्वांत महागात पडला, कारण पूर्वी वाया गेलेली सर्व्हिस फक्त पाळी घालवायची.

महाराष्ट्रात मोठ्या बंदिस्त सोयी झाल्या त्या दूर. 1994च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी पुण्याला बालेवाडी उभी राहिली. दक्षिण मुंबईतल्या कॉलेजच्या मुलाला तिचा उपयोग निवड झाल्यावर, निवड होण्यासाठी नाही. व्यावसायिक लीग आली तेव्हाही तीच गत. मुंबई मेटिओर्स 2023 साली प्राइम व्हॉलीबॉल लीगमध्ये उतरले, पण त्या मोसमाचे सामने झाले बंगळुरू, हैदराबाद आणि कोचीत. नावात मुंबई, खेळ परगावी.

आता त्या पट्टीतली जागाही वादात आहे. भूखंड सरकारचे, भाडेपट्ट्यावर दिलेले. विल्सन जिमखान्याचा भूखंड दुसऱ्या संस्थेकडे जाण्यावरून 2025 साली वाद उठला. वाद जमिनीच्या मालकीचा, पट्ट्याच्या मुदतीचा, कोणत्या संस्थेचा दावा मोठा याचा. त्यात व्हॉलीबॉलचं कोर्ट कुणाच्या लेखी नाही.

माझं मत विचाराल तर त्या पट्टीत हॉल बांधू नये. समुद्राकडची उरलीसुरली मोकळी हवा तेवढी राहू द्यावी. चर्चगेट ते ग्रँट रोडच्या टप्प्यात डझनाहून अधिक कॉलेजं आहेत आणि प्रत्येकाने वेगळा हॉल बांधणं शक्य नाही. विद्यापीठाने एक बांधावा, कॉलेजांनी वेळा वाटून घ्याव्यात, आणि जून ते सप्टेंबर तो मातीवर खेळणाऱ्या संघांना प्राधान्याने मिळावा.