भाकरी आणि श्रम यांचा मेळ

सोलापूर जिल्ह्याचे मुख्य अन्न ज्वारीची भाकरी होय. 100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे 70 ग्रॅम पिष्टमय द्रव्ये असतात व दर ग्रॅममागे 4 उष्मांक मिळतात. दिवसभर कुळवामागे चालणाऱ्या शेतकऱ्यास तीन-चार भाकरी सहज पचतात. त्याचाच मुलगा शिक्षक होऊन जुळे सोलापुरात राहू लागला व मोटारसायकलीने खेड्यातील शाळेस जाऊ लागला, की श्रम सुटतात. भाकऱ्यांची संख्या मात्र तीच राहते. न वापरलेली शर्करा प्रथम यकृतात व स्नायूंत साठते. तेथील जागा भरली म्हणजे तिची चरबी होते.

धान्य अजिबात वर्ज्य करावे, असा उपाय हल्ली पुष्कळ ऐकू येतो. पहिल्या आठवड्यात वजन झपाट्याने उतरते खरे; परंतु साठ्यातील दर ग्रॅम शर्करेबरोबर सुमारे 3 ग्रॅम पाणी असते आणि प्रथम जाते ते मुख्यतः हे पाणीच. काटा फसवितो तो येथे.

त्यापेक्षा जेवणातील एक भाकरी कमी करून मटकी, वरण व पालेभाजी वाढवावी. शेंगाचटणी चवीपुरतीच घ्यावी. तीत तेल फार. जोडीस रोज तासभर भरभर चालावे. त्याने साधारण 200 ते 250 उष्मांक खर्ची पडतात, म्हणजे जेमतेम एक मोठी भाकरी! सबब केवळ चालण्यावर विसंबून ताट तसेच ठेवणे व्यर्थ होय.

मधुमेहावर इन्सुलिन अथवा गोळ्या घेणाऱ्यांनी मात्र आधी डॉक्टरांस विचारावे. औषध तेच ठेवून भाकरी घटविल्यास रक्तातील शर्करा एकाएकी उतरून घेरी येण्याचा संभव असतो.