घरखरेदीची तयारी : केवळ कर्जमंजुरी पुरेशी नाही

स्वतःचे घर घेणे हा बहुतेक मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार असतो. बँकेने कर्ज मंजूर केले म्हणजे घर घेण्याची तयारी झाली, असा सर्वसाधारण समज आहे. मात्र बँक मुख्यतः सध्याचे उत्पन्न आणि सध्याच्या दराने येणारा हप्ता यांचा मेळ पाहते. उद्या व्याजदर वाढला किंवा उत्पन्न खंडित झाले, तर घरखर्च कसा भागेल, याचा हिशेब कुटुंबालाच करावा लागतो.

हाती असलेली रक्कम

रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार ३० लाख रुपयांपर्यंतचे गृहकर्ज घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांचे ८० टक्क्यांपर्यंत, तर त्याहून मोठे कर्ज ७५ टक्क्यांपर्यंत देता येते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी खर्च सर्वसाधारणपणे या किमतीत धरले जात नाहीत. म्हणजेच ५० लाखांच्या घरासाठी ४० लाख कर्ज मिळाले, तरी १० लाख रुपये स्वतःचे हवेत. मुद्रांक शुल्काचा दर राज्यागणिक बदलतो. मुंबईत ६ टक्के दराने ते ३ लाख रुपये होते आणि नोंदणीचे ३० हजार वेगळे. परवडणाऱ्या घरांच्या श्रेणीत न बसणारे हेच घर बांधकाम सुरू असताना घेतल्यास ५ टक्के वस्तू आणि सेवा कर, अर्थात आणखी अडीच लाख रुपये द्यावे लागतात. भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यानंतर विकल्या जाणाऱ्या घरावर हा कर नसतो.

ही रक्कम भरल्यानंतर निदान सहा महिन्यांचा घरखर्च व हप्ते भागतील एवढी शिल्लक उरत नसेल, तर खरेदी काही काळ लांबणीवर टाकणे हिताचे ठरते.

वाढत्या हप्त्याची कसोटी

१ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांच्या नव्या बदलत्या दराच्या गृहकर्जांचे व्याज रेपो दरासारख्या बाह्य निकषाशी जोडण्यात आले आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर गेला. ४० लाखांच्या, २० वर्षे मुदतीच्या कर्जाचा हप्ता ७ टक्के दराने सुमारे ३१,०१२ रुपये होतो. दर अडीच टक्क्यांनी वाढून ९.५ टक्के झाल्यास तो ३७,२८५ रुपये होतो. जुनाच हप्ता कायम ठेवावा, तर सुरुवातीला महिन्याचे व्याजच ३१,६६७ रुपये भरते. अशा वेळी मुदत कितीही वाढवली तरी मुद्दल घटत नाही, उलट वाढत जाते.

हे टाळण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये निर्देश दिले. त्यानुसार दर बदलताना हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्हींचा मेळ घालणे, हा पर्याय कर्जदाराला देणे बंधनकारक आहे. तथापि, वाढीव हप्ता पेलण्याची ऐपत नसल्यास हा पर्यायही फारसा उपयोगी पडत नाही.

वास्तव्य आणि ताबा

नोकरीत बदली होण्याचा संभव असल्यास घर घेण्याची घाई टाळावी. काही वर्षांतच घर विकावे लागले, तर मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च परत मिळत नाही. बांधकाम सुरू असलेल्या घराचा ताबा मिळेपर्यंत भाडे आणि कर्जाचा भार एकाच वेळी सोसावा लागतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार करारनाम्याची नोंदणी होण्यापूर्वी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ठरलेल्या मुदतीत ताबा न मिळाल्यास ग्राहकाला पैसे व्याजासह परत मागता येतात, अथवा ताबा मिळेपर्यंतचे व्याज घेता येते.

तयारी जोखण्याचा एक सोपा मार्ग आहे. वरील उदाहरणातील कुटुंबाने ३७,२८५ रुपयांतून सध्याचे घरभाडे वजा करून उरणारी रक्कम सहा महिने नियमाने बाजूला ठेवावी. शाळेची फी, औषधोपचार आणि सणवार सांभाळून हे साधले, तर खरेदीस हरकत नाही. न साधल्यास लहान घर, कमी कर्ज किंवा आणखी काही काळ बचत, यांपैकी एका पर्यायाचा विचार करणे श्रेयस्कर ठरते.