फासावर चढलेलं आडनाव

मोडी कागदांत 'अमका बिन तमका' हमखास भेटतो. या 'बिन'चं काम स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातल्या गेलिक भाषेत 'मॅक' करतो. मॅक म्हणजे मुलगा. मुलीसाठी वेगळा शब्द आहे, 'निक'. मुळात हा मॅक पिढीगणिक बदलायचा: डोनल्डचा मुलगा मॅकडोनल्ड, पण त्या मुलाचं नाव इयन असेल तर नातू मॅकइयन. पुढे कधीतरी एखाद्या बड्या पूर्वजापाशी नाव गोठलं आणि त्याचं आडनाव झालं. काही ठिकाणी पूर्वजाच्या नावाऐवजी त्याचा धंदा गोठला. मॅकिंटायर हा सुताराचा मुलगा, मॅकटॅगर्ट पाद्र्याचा. (ब्रह्मचर्याचं व्रत तिकडे कितपत पाळलं जाई, ते आडनावातच आलं.) 'एमसी' लिहिलं की आयरिश आणि 'मॅक' लिहिलं की स्कॉटिश, ही समजूत भाबडी आहे. ती नुसती लेखनिकांची काटकसर.

पण आडनाव लावणं हाच गुन्हा ठरला तो मॅकग्रेगरांचा. ग्रेगर हे नाव ग्रीकमधून लॅटिनमार्गे आलं. अर्थ, जागता राहणारा. आपलं कूळ राजाचं, असं त्यांचं घोषवाक्य सांगतं आणि वंशावळ थेट नवव्या शतकातल्या केनेथ मॅकअल्पिन राजाच्या घराण्याला नेऊन भिडवतात. शहाण्णव कुळींच्या वंशावळी पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. भरवशाची माहिती लागते ती चौदाव्या शतकापासून: ग्लेनऑर्की खोऱ्यातला इयन १३९० मध्ये वारला, त्याच्या बापाचं नाव ग्रेगर. तोच आडनावाचा धनी.

घोडं अडलं ते जमिनीवर. सनदा कॅम्पबेलांकडे, वहिवाट मॅकग्रेगरांची. कॅम्पबेल दरबारात वजनदार. त्यांनी एकेक खोरं कागदावर आपलं करून घेतलं. उपरे झालेले मॅकग्रेगर गुरं पळवू लागले. फेब्रुवारी १६०३ मध्ये ग्लेन फ्रुइनच्या खोऱ्यात त्यांनी कोहून घराण्याच्या माणसांची मोठी कत्तल केली. त्याच सुमारास एलिझाबेथ राणी वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडचाही राजा झाला. लंडनला निघण्याच्या दोन दिवस आधी, ३ एप्रिलला, हुकूम निघाला: मॅकग्रेगर हे नाव कायमचं बंद. जो टाकणार नाही त्याला देहान्त. पुढे बिनटोकाच्या सुरीखेरीज हत्यार बाळगायलाही मनाई झाली. म्होरक्या अलास्डेर याने इंग्लंडला पोचवण्याच्या वचनावर स्वतःला अर्गाइलच्या अर्लच्या स्वाधीन केलं. अर्लने वचन अक्षरशः पाळलं, म्हणजे सरहद्दीपार नेलं आणि तिथूनच परत आणलं. जानेवारी १६०४ मध्ये एडिंबरात त्याला फाशी झाली.

बापाचं नाव सांगणारा शब्दच गेला, तेव्हा दुसऱ्याचा बाप उसना घ्यावा लागला. कोणी मरे झाला, कोणी ग्रॅहम, ड्रमंड, स्टुअर्ट. आणि ज्यांनी जमीन गिळली त्यांचंच नाव घेऊन कित्येक जण कॅम्पबेलही झाले. राजाच्या बाजूने लढल्याची बक्षिसी म्हणून १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली. १६९३ मध्ये ती पुन्हा लादली गेली. त्यामुळे १६७१ मध्ये जन्मलेला रॉब रॉय मॅकग्रेगर, वॉल्टर स्कॉटच्या कादंबरीने जगभर गाजलेला, पुढे आईचं कॅम्पबेल हे आडनाव लावून वावरला. रॉब रॉयच्या जन्मसालीच जेम्स ग्रेगरी या गणितज्ञाने एक अनंत श्रेणी मांडली. केरळच्या माधवाला ती आधीच ठाऊक होती, हे आज आपण अभिमानाने सांगतो. या ग्रेगरी घराण्याचं मूळही मॅकग्रेगरांत होतं, असं परंपरेने मानतात. कायदा कायमचा रद्द झाला तो १७७४ मध्ये, म्हणजे पहिल्या हुकुमापासून १७१ वर्षांनी.

नाव परत घेणाऱ्यांत पुढे होता जॉन मरे. कंपनी सरकारच्या बंगाल लष्करात तो हुद्द्यावर चढला. ८२६ भाऊबंदांनी सह्या करून त्याला कुळाचा प्रमुख मानलं. रॉब रॉयच्या शाखेला ते पटलं नाही; भाऊबंदकी तिथेही आहेच. जॉनचा मुलगा इव्हान आपल्या खानदेशात येऊन गेला. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी तापीकाठच्या थाळनेर किल्ल्यावर इंग्रज सेनापती हिस्लॉपच्या फौजेने हल्ला केला. शरणागतीची बोलणी चालली आहेत की लढाई, याचा घोळ दरवाजातच झाला आणि आत शिरलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांवर शिबंदी तुटून पडली. त्यांत इव्हान गंभीर जखमी झाला आणि मॅकग्रेगर आडनावाचाच एक कॅप्टन ठार झाला. मग शिबंदीची कत्तल झाली, किल्लेदाराला फासावर लटकवलं. त्याच्या फाशीवरून पुढे इंग्लंडातही वाद झाला.

इव्हान वाचला. ऑगस्ट १८२२ मध्ये चौथा जॉर्ज एडिंबरात आला, तेव्हा स्कॉटलंडच्या राजमुकुटाच्या मिरवणुकीला पहारा होता इव्हान आणि त्याच्या मॅकग्रेगरांचा. त्याच वर्षी राजाच्या परवान्याने त्याने मॅकग्रेगर हे आडनाव रीतसर लावून घेतलं.