🧅 *चाळीतला कांदा किती भावाला विकला तर परवडेल? आधी गणित, मग कुलूप*



उन्हाळ कांद्याची काढणी उरकत आली. आता घरोघरी एकच प्रश्न: आत्ता विकायचा की चाळीत टाकायचा? भाव वाढेल का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण *किती वाढला तर परवडेल*, हे घरबसल्या काढता येतं. त्याला शाळेतलं एक साधं समीकरण पुरतं.

*उदाहरण धरू*
समजा तुमच्याकडे १०० क्विंटल कांदा आहे. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता आज हातात १४०० रुपये क्विंटल पडतात. म्हणजे आज विकला तर १,४०,००० रुपये.

चाळीचा खर्च असा धरा:
👉 भरणी, निवड, चाळ फोडणं: क्विंटलला ८० रुपये, एकदाच.
👉 व्याज दरमहा १ टक्का, म्हणजे १४ रुपये. चाळीची झीज, ताडपत्री, देखरेख १६ रुपये. एकूण महिन्याला ३० रुपये.

पाच महिने ठेवला तर खर्च ८,००० + १५,००० = २३,००० रुपये. सुकणं, सड आणि कोंब मिळून ३२ टक्के घट झाली, तर विकायला उरले ६८ क्विंटल. लागणारा भाव 'क्ष' मानू:

*६८ × क्ष = १,४०,००० + २३,०००*
*क्ष = १,६३,००० ÷ ६८ = २३९७ रुपये*

सप्टेंबर अखेर हातात २३९७ पडले, तरच तुम्ही आजच्या बरोबरीला आलात. नफा त्याच्या पुढे सुरू होतो.

*इथे चूक होते*
बरेच जण म्हणतात, ३२ टक्के घट आहे ना, मग भाव ३२ टक्के वाढला की भरपाई झाली. १४०० चे १८४८. हे बरोबर नाही. नुसती घट भरून काढायलाच १,४०,००० ÷ ६८ = २०५९ रुपये लागतात. १८४८ ला विकलं तर चाळीचा खर्च सोडूनही १४,३०० रुपयांचा खड्डा पडतो. घट टक्क्याने *मिळवायची* नाही, उरलेल्या मालाने *भागायचं*.

*आता आलेख काढा*
मुलांच्या वहीतला आलेखाचा कागद घ्या. आडव्या रेषेवर महिने, उभ्या रेषेवर भाव. वरच्याच रीतीने काढलेले हे ठिपके मांडा (एप्रिल अखेर चाळ भरली असं धरून):

मे अखेर: घट ४ टक्के, लागणारा भाव १५७३
जून अखेर: घट ८ टक्के, १६७४
जुलै अखेर: घट १४ टक्के, १८२६
ऑगस्ट अखेर: घट २२ टक्के, २०५१
सप्टेंबर अखेर: घट ३२ टक्के, २३९७

ठिपके जोडले की दिसेल, रेष सरळ नाही. जूनमध्ये ती १०१ रुपयांनी चढते, सप्टेंबरमध्ये ३४६ रुपयांनी. पावसाळी दमटपणाने सड वाढते, पुढे कोंब येतात, म्हणून शेवटचे महिने सगळ्यात महाग पडतात.

याच कागदावर दर आठवड्याला लासलगाव किंवा पिंपळगावचा, *तुमच्या प्रतीच्या मालाचा* भाव खर्च वजा करून वेगळ्या शाईने मांडा. ठिपका रेषेच्या वर असेल तर ठेवलेलं फळाला आलं.

*ठिपका रेषेच्या खाली असेल तर?*
"१८२६ येईपर्यंत हलवायचा नाही" असा हट्ट धरू नका. समजा जुलै अखेर १७०० मिळतायत. आता गणित नव्याने मांडा. ८६ क्विंटलचे महिन्याभरात ७८ होणार, म्हणजे ०.९०७ भाग उरणार. (१७०० + ३०) ÷ ०.९०७ = १९०७. ऑगस्ट अखेर १९०७ च्या वर मिळतील असं वाटतं का? नसेल तर आजचे १७०० च बरे. झालेला खर्च थांबून परत येत नाही. एकरी लागवड खर्चही इथे धरू नका. तो आकडा पुढच्या वर्षी कांदा किती लावायचा हे ठरवताना लागतो.

*आपले आकडे आपणच काढा*
घट प्रत्येक चाळीत वेगळी असते. चाळ भरताना २० किलोची चार कॅरेट वजन करून ढिगाच्या मधल्या भागात ठेवा. महिन्याने सडका कांदा काढून पुन्हा वजन करा. २० चे १९ किलो २०० ग्रॅम भरले तर घट ४ टक्के. व्याजही खरं धरा. उसनवारीचा दर महिना ३ टक्के असेल, तर सप्टेंबरचा आकडा २३९७ वरून २६०३ वर जातो.

*गणित काय सांगत नाही*
बाजारभाव आपल्या हातात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये, चाळी भरलेल्या असताना, कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं आणि नाशिकच्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातबंदी आली, ती ४ मे २०२४ ला उठली. शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. अशी घोषणा कोणत्याही आलेखात आधी दिसत नाही. म्हणून सगळा माल एकाच तारखेवर लावू नका. तीन भाग करा आणि टप्प्याटप्प्याने काढा. डेंगळे, जोड कांदा, ओली मान, मार लागलेला माल चाळीत टाकूच नका, तो आत्ताच विका. त्याची सड शेजारच्या चांगल्या कांद्यालाही लागते.

आपला भाव, खर्च आणि घट वहीत लिहून कंपनीच्या ऑफिसात आणा, रेष सोबत बसून काढू. घरात नववी-दहावीचं मूल असेल तर त्याच्याकडूनच काढून घ्या.

हा संदेश शेजारच्या कांदा उत्पादकांनाही पाठवा. 🙏