वेग वाढवा, पण बेताने!

आमचा भाचा लग्नाच्या चित्रफितींचे संकलन करून देतो. गेल्या वैशाखात एका रात्री दोन वाजता त्याचा संगणक थिजला. पडद्यावर रंगीत ठिपके उमटले आणि सहा तासांचे काम वाया गेले. सकाळी वधूपिता दारात उभे! दोष यंत्राचा नव्हता. ग्राफिक्स कार्डाचा वेग वाढवताना त्याने एकदम मोठी उडी मारली होती आणि दहा मिनिटे नीट चालले एवढ्यावर विसंबून काम सुरू केले होते.

वेग असा वाढवण्याला 'ओव्हरक्लॉकिंग' म्हणतात. २०२२ साली आलेल्या 'आरटीएक्स ४०९०' या कार्डाचेच उदाहरण घ्या. त्याचा बूस्ट वेग २५२० मेगाहर्ट्‌झ आणि विजेची मर्यादा ४५० वॅट. एकाच तव्यावरच्या भाकरी जशा सारख्या फुगत नाहीत, तशा एकाच जातीच्या दोन चिपाही तंतोतंत सारख्या नसतात. सगळ्यांना झेपेल असाच वेग कंपनी ठरवते. त्यापुढे जी थोडी जागा उरते, ती आपल्याला शोधायची असते. मित्राच्या कार्डाचे आकडे आपल्या कार्डाला लागू पडतीलच असे नाही.

ही जागा कशी शोधायची? 'आफ्टरबर्नर'सारख्या प्रोग्रॅममध्ये आधी पंख्याचा वेग नीट लावावा. मग चिपचा वेग १५ ते २५ मेगाहर्ट्‌झने वाढवून दहा-पंधरा मिनिटे चाचणी घ्यावी. ठिपके दिसले किंवा प्रोग्रॅम बंद पडला, की दोन पायऱ्या खाली यावे. त्यानंतरच स्मृतीच्या वेगाला हात लावावा. दोन्ही एकदम वाढवले तर चूक कुठली ते कळत नाही. येथे एक गंमत आहे. ४०९० ची स्मृती चुकलेली माहिती पुन्हा पाठवून घेते. त्यामुळे वेग फाजील झाला तरी काही बिघडल्याचे दिसत नाही, उलट काम मात्र मंदावते. म्हणून प्रत्येक पायरीला चाचणीचे गुण वहीत टिपून ठेवावेत. शेवटी प्रत्यक्ष कामाचीच काही तास परीक्षा घ्यावी.

विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे व्होल्टेज थोडे उतरवले तरी उष्णता बरीच कमी होते आणि वेग फारसा घटत नाही. पौषातल्या थंडीत टिकलेले आकडे वैशाखात टिकतील याचा भरवसा नसतो. उन्हाळ्यात पुन्हा तपासणी हवीच. हमीपत्रातील अटीही आधी वाचून घ्याव्यात.

एवढे करून पदरात काय पडते? बहुधा पाच-सात टक्के. भाच्याने आता त्यातलेही निम्मे सोडून दिले आहेत. रात्री काम लावून तो निवांत झोपतो. त्याची आजी तर पहिल्यापासून सांगत होती, 'स्वल्प निधान, बाळा!'